चटणी, चप्पल आणि उजळाईवाडी

सोडायला आलेल्या माणसांवरून विमानतळाचा दर्जा ठरवायचा झाला, तर कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ मुंबई-दिल्लीला सहज मागं टाकेल. जाणार एक, पोचवायला अख्खी भावकी. त्यातल्या निम्म्यांना जाणाऱ्याशी फारसं देणंघेणं नसतं. आलोच आहे तर विमान बघून जाऊ, एवढाच हेतू. विमान तासाभरात पोचणार असलं तरी ‘जेवून घे रं वाटेत’ हे सांगणारी आजी असतेच.

तळ काही कालपरवाचा नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली तो सुरू झाला. पुढं विमानं येत-जात राहिली आणि मधली बरीच वर्षं नुसतीच गेलेली राहिली. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. बाहेरून दगडी कमानी, राजवाड्याचा थाट. आत शिरताना माणूस आपोआप शर्ट खोचतो.

२०१६ साली ‘उडान’ योजना आली, तेव्हा हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावं, असं सांगितलं गेलं. आता कोल्हापुरात हवाई चप्पल घालून प्रवासाला निघणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगणं. पण अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्या वादीनं शिवलेली असते. त्यामुळं धातुशोधक दारातून आमचे पाटील करकर वाजवत ताठ निघून जातात आणि परदेशी बूटवाला मागं बूट काढत बसतो.

पाटलांचं निभावतं, अडतं ते चटणीचं. इथं चटणी म्हणजे कांदा-लसणाचा मसाला, आणि तिखट हातातल्या पिशवीतून विमानात नेता येत नाही. माझ्या पुढं उभ्या असलेल्या एका मावशींची बरणी यंत्रानं बरोबर हेरली.

“मावशी, हे मोठ्या बॅगेत टाकायला पाहिजे होतं.”

“बॅग गेली की आत! आणि चटणी हाय ती, बंदूक न्हवं. पोरगं तिकडं आळणी खातंय.”

मोठ्या विमानतळावर बरणी तिथंच कचऱ्यात गेली असती. इथं सामानाचा काउंटर हाकेच्या अंतरावर, आणि तिथला पोरगा निघाला मावशींच्या माहेरच्या गावचा. त्यानं बरणी पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, वर चिठ्ठी लावली आणि विमानाच्या पोटात रवाना केली. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र त्यानं काढून ठेवल्या. खोबऱ्यात तेल असतं, उष्णतेनं ते पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी. “मग चटणीत काय घातलंय वाटतंय तुला?” मावशींनी विचारलं. पोरगं हसलं आणि पुढच्याची बॅग ओढू लागलं. वाट्या पोचवायला आलेल्या भावकीत वाटल्या गेल्या.

विमान बहुधा पंखेवालं एटीआर. टर्मिनलमधून चालत जायचं आणि जुन्या लाल डब्यासारखं मागच्या दारानं चढायचं. एका बाजूला दोनच खुर्च्या, त्यामुळं मधल्या खुर्चीतला तो बिचारा माणूस इथं जन्मालाच येत नाही.

म्हणजे चालत जाता येतं, माणसं ओळखीची, स्वच्छतागृह खरंच स्वच्छ. उणीव एकच, विमानाची. आजवर मुंबईची सेवा अनेकदा थाटात सुरू झाली आणि अनेकदा गुपचूप बंदही पडली. एका कंपनीचा निरोप मला टर्मिनलच्या दारात आला: ‘परिचालनाच्या कारणास्तव उड्डाण रद्द.’ हे परिचालन कोण, कुठं राहतं, काही कळलं नाही. पोचवायला आलेल्यांनी मात्र लगेच ‘आता घरी जाऊन करायचं काय?’ म्हणत मिसळीचा बेत ठरवला.

मुंबईची अडचण खरी आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. मग उतरायची वेळ मिळवायला मोठ्या विमानांची झुंबड, आणि छोट्या गावाच्या छोट्या विमानाला दुपारची आडवेळ मिळाली तर मिळाली. पण आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तेव्हा वेळा वाटणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती: आम्हाला सकाळी जाऊन रात्री परत येता येईल, असं एक विमान द्या आणि ते रोज सोडा. आत खायला काही दिलं नाही तरी चालेल, चटणी आम्ही आणू. मोठ्या बॅगेत.