घर पाहावं, पाहतच राहावं

‘घर पाहावं बांधून’ या म्हणीतले पहिले दोन शब्द मनावर घेऊन तिसरा बिल्डरवर सोपवणाऱ्या गृहस्थांची पुण्यात एक स्वतंत्र शाखा आहे. त्यांना आपण घरबघे म्हणू. आडनावासारखं वाटतं खरं, पण ते जन्मानं मिळत नाही. वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी साडेदहाला कुठल्या ना कुठल्या साइटवर हजर राहून कमवावं लागतं. वय पंचावन्नच्या पुढे, खिशात पाच मीटरचा स्टीलचा टेप, खांद्याला फुगलेली पिशवी आणि पिशवीत अशा स्कीमांची ब्रोशरं, की ज्यांच्या इमारतींचा आता दुसरा रंगही उडाला आहे. मुक्काम भाड्याच्या घरात, नाहीतर वडिलांच्या जुन्या वन बीएचकेत. शहर वाढत गेलं ते त्यांनी पिकांवरून लक्षात ठेवलेलं असतं. वाकडला ऊस होता तेव्हा ते जाऊन आले, खराडीला बाजरी होती तेव्हा जाऊन आले, आणि हिंजवडीच्या बांधावर उभं राहून ‘इथं कोण मरायला येणार राहायला?’ असं त्यांनी विचारलं त्याला पाव शतक होत आलं. नातेवाईक त्यांना हसतात, विक्री कार्यालयातली मुलं त्यांना लांबून ओळखतात, आणि बायकोनं हसणं आणि ओळख दाखवणं ही दोन्ही कामं कधीच सोडून दिली आहेत. मला मात्र वाटतं की या सगळ्या बाजारात घर नावाची वस्तू डोळे उघडे ठेवून बघणारा माणूस हा एवढाच. बाकीचे घ्यायला आलेले असतात, आणि घ्यायला आलेल्या माणसाला नीट दिसत नाही.

पटत नसेल तर सॅम्पल फ्लॅटमध्ये दोघांची तुलना करून बघा. घेणारं जोडपं आत शिरतं आणि पहिल्या मिनिटाला त्यांचा सोफा तिथं येऊन बसतो, दुसऱ्या मिनिटाला मुलाचं अभ्यासाचं टेबल लागतं, तिसऱ्या मिनिटाला सासूबाई नेमक्या कुठं झोपतील यावर कुजबुज सुरू होते. म्हणजे फ्लॅट कुणी बघतच नाही. दोघंही आपलं पुढचं आयुष्य बघत असतात, आणि ते एसी लावलेलं, पिवळ्या दिव्यांतलं असल्यामुळे झकास दिसतं. घरबघे दारातच थांबतात. दार कुठाय, असं विचारतात. सॅम्पल फ्लॅटला आतली दारं बसवलेली नाहीत, कारण दार उघडलं की पलंगाला लागेल, हे त्यांनी बाहेरूनच ताडलेलं असतं. मग टेप निघतो. पलंग साडेपाच फुटांचा आहे, ही बातमी ते जोडप्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात. भिंतभर आरशाकडे बोट दाखवून ‘ही खोली दहाचीच आहे, वीसची दिसतेय’ असं सांगतात. नंतर टाइलपासून टाइलपर्यंत मोजून आलेला आकडा ब्रोशरमधल्या कार्पेटपेक्षा कमी भरतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. विक्रीवाली मुलगी नम्रपणे सांगते, सर, रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरतात. ती खरं तेच सांगते. कायद्यातली व्याख्या तशीच आहे, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळायची, आतल्या भिंती धरायच्या. घरबघ्यांनाही ते पाठ असतं. तरीही ते म्हणतात, ‘मॅडम, भिंतीत कुणाला झोपवू?’

हा नुसता खवचटपणा आहे, असं कुणी म्हणेल. पण गेल्या काही वर्षांतला कायदा काढून वाचला तर एक गंमत दिसते. ज्या प्रश्नांपायी घरबघ्यांना ‘सर, तुम्ही रेडी पझेशनमध्येच बघा’ असं सांगून कटवलं जायचं, ते प्रश्न एकेक करून कलमं झाले आहेत. बिल्टअप, सुपर बिल्टअप, सेलेबल अशी फुगत जाणारी मापं ऐकून ते विचारायचे, जिन्याचा आणि लिफ्टचा तुकडा माझ्या हॉलमध्ये कसा काय मोजता? 2016 च्या रेरा कायद्यानं कार्पेटची व्याख्या पक्की करून विक्री त्या मापावर आणली. ते विचारायचे, आमच्या बुकिंगच्या पैशांतून तुम्ही दुसऱ्या साइटची जमीन तर घेत नाही ना? आता ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेतले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. करार नोंदवल्याशिवाय जास्त पैसे का देऊ, असं ते म्हणायचे. आता नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांहून जास्त घेताच येत नाहीत. ताबा लांबला तर माझ्या भाड्याचं काय, या प्रश्नावर पूर्वी चहा मागवला जायचा. आता थांबणाऱ्याला दर महिन्याचं व्याज आणि बाहेर पडणाऱ्याला व्याजासह पैसे परत, अशी तरतूद आहे. आणि इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेचे वेगळे दोन लाख का, ही त्यांची सर्वांत जुनी कुरकूर. 2010 साली सर्वोच्च न्यायालयानंच मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की स्टिल्टखालचं आणि उघडं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, ते सोसायटीचं आहे. त्या दिवशी घरबघ्यांनी पेढे वाटले असतील, आणि वाटण्याआधी वजन करून घेतले असतील.

यावर कुणी म्हणेल, की मग आता त्यांचं काम संपलं. कायदा आला, 2017 च्या मे महिन्यापासून महारेरा आहे, जाहिरातीतला क्यूआर कोड मोबाइलनं टिपला की प्रकल्पाची कुंडली समोर. आता साइटवर जाऊन भिंती कोण कशाला मोजेल? पण कुंडली उपलब्ध असणं आणि ती कुणीतरी वाचणं यात किती अंतर असतं, हे लग्न जमवणाऱ्यांना विचारा. क्यूआर कोड टिपल्यावर घेणारा बिल्डरचं नाव आणि हिरवी खूण बघून मोबाइल खिशात टाकतो. घरबघे मात्र मूळ पूर्ण व्हायची तारीख आणि मुदतवाढीनंतरची तारीख शेजारी शेजारी लिहून काढतात, त्याच बिल्डरच्या आधीच्या प्रकल्पांवरच्या तक्रारी पाहतात, जमिनीच्या मालकीचा वकिली अहवाल उघडतात, आणि त्यातलं ‘सब्जेक्ट टू’नं सुरू होणारं वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित करतात. जाहिरातीतला ‘प्रस्तावित’ हा शब्द तर त्यांच्यासारखा कुणालाच कळलेला नाही. पुण्याचा नवा विमानतळ आधी चाकण-राजगुरुनगरकडे येणार होता, 2016 पासून तो पुरंदरला येणार आहे. दोन्हीकडे ‘एअरपोर्टपासून दहा मिनिटं’ असे फलक लागले, प्लॉट विकले गेले, आणि दोन्ही वेळा घरबघ्यांनी एकच प्रश्न विचारला, की दहा मिनिटं कशानं? (मुंबईकडचे घरबघे याच धर्माचे, फक्त पंथ वेगळा. त्यांचं अंतर किलोमीटरमध्ये नसतं, ‘फास्ट थांबते का’ यावर ठरतं, आणि तिकडे नव्या फ्लॅटपेक्षा जुन्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटमधला वाढीव एरिया हा चर्चेचा विषय.)

कागदाच्या पलीकडची त्यांची विद्या त्याहून मोठी, आणि ती कुठल्याच कायद्यात यायची नाही. सगळं जग घर बघायला दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत निघतं. घरबघे निघतात जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस चार दिवस न थांबता पडलेला असतो तेव्हा. पश्चिमेची भिंत, खिडक्यांचे खालचे कोपरे, सर्वांत वरच्या मजल्याचं छत आणि संडास-बाथरूमच्या पलीकडची बाजू, एवढं त्यांना तळहातानं चाचपायचं असतं. भर पावसात नव्या रंगाचा वास आला तर ते घर तिथंच बाद. पावसाळ्यात रंग काढणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, असा त्यांचा सिद्धान्त आहे आणि त्याला अजून कुणी सबळ उत्तर दिलेलं नाही. फरशीवर ते नाण्यानं ठकठक करत फिरतात, कारण खाली माल नीट भरलेला नसेल तर आवाज पोकळ येतो आणि ती टाइल वर्ष-दोन वर्षांत हमखास हलते. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओततात आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, हे हाताची घडी घालून बघत राहतात. वरच्या मजल्यावर सगळे नळ एकदम सोडून मग फ्लश ओढतात. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली दिसली तर बोअरचं पाणी किती आणि कॉर्पोरेशनचं किती, हा हिशेब मांडतात. मात्र तो सेक्रेटरीला विचारत नाहीत. सोसायटीत उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात, हे खरं फक्त दोघांना ठाऊक असतं, वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला. त्यातही इस्त्रीवाला जास्त विश्वासाचा, कारण त्याला सोसायटी पगार देत नाही. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ते मंगळवारी संध्याकाळी सात वाजता स्कूटरवरून मोजतात. रिसेलचा फ्लॅट असेल तर इंडेक्स टू काढून शेजारच्या फ्लॅटचा व्यवहार कितीला झाला ते बघतात, आणि शेवटी जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, असं हळूच विचारतात. निम्म्या वेळा यजमान गप्प होतात. तीस वर्षं त्या घरात राहून, आपल्या पायाखालची जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे आणि कन्व्हेयन्स राहिलंय, हे त्यांना घरबघ्यांमुळे कळतं. चहाबरोबर आलेली बिस्किटं अशा वेळी परत जातात.

आता खरा आक्षेप, आणि तो सोपा नाही. एवढं सगळं कळून मिळवलं काय? ज्यांनी डोळे झाकून घेतलं त्यांची घरं झाली, भाव चढले, आणि हे अजून टेप गुंडाळताहेत. 2020 च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं, पुढच्या तिमाहीसाठी दोन टक्क्यांनी. रेपो दर चार टक्क्यांवर आणि घरकर्ज सात टक्क्यांच्याही खाली. आयुष्यात तेव्हा एकदाच घरबघे चेकबुक घेऊन साइटवर गेले, आणि ‘मार्चनंतर भावच पडतील’ असं म्हणून चेकबुकासह परत आले. भाव पडले नाहीत. इथं त्यांची बाजू लंगडी आहे, हे कबूल करावं लागतं. पण तेव्हा घेतलेल्यांचाही हिशेब पुरता मांडू या. समजा 50 लाखांचं कर्ज, सात टक्के, वीस वर्षं: हप्ता 38,765 रुपये. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो चारावरून साडेसहावर गेला. ती सगळी वाढ फ्लोटिंग कर्जाला लागली असं धरलं तर दोन वर्षांनी उरलेल्या साडेसत्तेचाळीस लाखांवर महिन्याचं व्याजच 37,600 च्या वर होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जमा होणार अकराशे रुपये; म्हणजे महिनाभर राबून घरमालकानं आपल्या घराची साधारण एक टाइल सोडवली. बँका बोभाटा न करता मुदत वाढवत गेल्या, आणि साठाव्या वर्षी संपणारं कर्ज सत्तरीकडे सरकू लागलं. दुसरीकडे एक कोटीच्या फ्लॅटला भाडं पंचवीस-तीस हजार, आणि तोच घ्यायला काढलेल्या 75 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज 53,125. हे गणित घरबघे पाकिटाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवतात तेव्हा त्याला चटकन उत्तर सापडत नाही. उत्तर आहे, पण ते गणितातलं नाही. भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकायलाही विचारावं लागतं, आणि अकरा महिन्यांनी काळजाचा ठोका चुकतो. हे घरबघ्यांच्या बायकोला पूर्वीपासून माहीत आहे. ती साइटवर आलीच तर टेपकडे बघत नाही. कपडे वाळत घालायला ऊन कुठून येतं आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन मावून माणूस मावतो का, एवढंच बघते आणि दोन मिनिटांत ‘घेऊ या’ म्हणते. तोवर घरबघे फायर डक्टपाशी पोचलेले असतात.

विक्रीवाल्या मुलांचा वेळ ते फुकट घालवतात, असाही एक आरोप आहे. पण ‘शेवटचे तीनच फ्लॅट राहिलेत’ हे वाक्य ज्यांनी एका रविवारात चाळीस जणांना ऐकवलं, त्यांच्या वेळेचा एवढा हिशेब काढायचं कारण नाही.

मग ते घेत का नाहीत? भित्रे म्हणून, असं सोपं उत्तर देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. प्रत्येक घरात काहीतरी खोट असते, ज्याला ती दिसते तो पुढच्या घराकडे जातो, आणि ज्याला सगळ्याच घरांतली दिसते त्याला थांबायला जागा उरत नाही. शिवाय इतकी वर्षं बघून झाल्यावर सातशे फुटांत मावेल एवढी त्यांची हौस राहिलेली नाही. मोशीपासून उंड्रीपर्यंत सगळं शहर आपलंच, अशी भावना तयार झाली आहे. म्हणूनच भाचा किंवा पुतण्या फ्लॅट बुक करायच्या आदल्या रात्री न चुकता त्यांनाच फोन करतो. घरबघे जातात, सगळं तपासतात, चौदा दोष काढतात. भाचा त्यातल्या दोनांवर बिल्डरशी भांडून पार्किंग नीट लिहून घेतो, एक खिडकी बदलून घेतो, आणि बुक करतो. वास्तुशांतीला घरबघ्यांना बायकोसह मानानं बोलावणं येतं, पहिल्या पंगतीत. सगळे श्रीखंडाची वाटी पुढे करत असताना त्यांचा डावा हात ताटाशेजारच्या फरशीवर गेलेला असतो. दोनदा ठक, आणि तिसऱ्यांदा जरा वेगळा आवाज. ते मान वर करतात, भाच्याला खुणेनं जवळ बोलावतात आणि कानात सांगतात, ‘पाच वर्षांपर्यंत फुकट बदलून द्यावी लागते. उद्याच लेखी कळव.’