पाण्याविरुद्ध वकीलपत्र

काँक्रीट कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ हवेत उडत नाही. रणरणत्या उन्हात सळ्या बांधणाऱ्याला अधूनमधून सावलीत बसवलं, पाणी दिलं, तर तो भोवळ येऊन पडत नाही. कुठल्याही अनुभवी मुकादमाला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारला मात्र पहिली गोष्ट नियमात उतरवायला शिफारशीनंतर ४२ वर्षं लागली. दुसरीची शिफारस होऊन पन्नास वर्षं उलटली, तरी नियम मसुद्याच्या पुढे सरकला नाही. एवढा काळ सरकार काही झोपलेलं नव्हतं. त्याचा हात धरून ठेवणारी माणसं होती आणि त्या कामाचा त्यांना पगार मिळत होता.

त्यांच्या संघटना उजळ माथ्याने वावरतात. असोसिएटेड जनरल काँट्रॅक्टर्स, असोसिएटेड बिल्डर्स अँड काँट्रॅक्टर्स, नॅशनल असोसिएशन ऑफ होम बिल्डर्स. कचेऱ्या राजधानीत किंवा तिला लागून, दिमतीला वकील, अर्थतज्ज्ञ आणि खासदारांच्या दारात रोज उभे राहणारे प्रतिनिधी. सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या पहिल्याच दुरुस्तीने दिला आहे आणि तो बिल्डरलाही आहे, कामगारालाही. त्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. तो कशासाठी वापरला गेला, याबद्दल आहे. नियम कायमचा पाडता आला नाही तरी या मंडळींचं फारसं अडत नाही. तो दहा वर्षं लांबला तरी दहा वर्षांचा खर्च वाचतो. वाचलेला पैसा हिशेबाच्या वहीत दिसतो. कामगाराच्या छातीत साठलेली धूळ कुठल्याच वहीत येत नाही.

या धुळीचं नाव सिलिका. वाळू, दगड, विटा, काँक्रीट, सगळ्यांत ती असते. कापताना, घासताना, फोडताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. फुप्फुस निबर होत जातं, माणसाला दम पुरत नाही. हाच सिलिकोसिस. झालेली इजा भरून काढणारं औषध नाही. फार झालं तर फुप्फुसच बदलायचं, तेही नशिबात असेल तर.

हे अमेरिकेला कधी कळलं? १९३० साली वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली ब्रिज गावाजवळ हॉक्स नेस्ट बोगद्याचं काम सुरू झालं. युनियन कार्बाइडच्या एका उपकंपनीसाठी नदीचं पाणी वळवायचं होतं. (भोपाळमुळे आपण जिला ओळखतो तीच ही कंपनी.) डोंगराचा दगड सिलिकाने ठासलेला. ओलं ड्रिल वापरलं तर धूळ बसते, हे तेव्हाही माहीत होतं. पण सुकं ड्रिल वेगाने चालतं, म्हणून बोगद्यात सुकंच चाललं. मजूर बहुतेक कृष्णवर्णीय, मंदीत दक्षिणेकडून पोटासाठी आलेले. १९३६ साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर ४७६ मृत्यूंचा आकडा आला. पुढे डॉ. मार्टिन चर्नियाक यांनी अभ्यास करून तो ७६४ पर्यंत नेला. त्या वेळच्या कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी सिलिकोसिस थांबवण्याची मोहीम काढली, त्यांच्या खात्याने या विषयावर चित्रपटही बनवला. म्हणजे रोग, कारण आणि उपाय, तिन्ही गोष्टी सरकारला १९३० च्या दशकापासूनच माहीत होत्या.

कामगारांच्या सुरक्षेचं केंद्रीय खातं, ज्याला सगळे ओशा म्हणतात, त्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबर १९७० मध्ये सही केली. खात्याने सुरुवातीला जुन्याच मर्यादा उचलल्या. बांधकामावर एक घनमीटर हवेत साधारण २५० मायक्रोग्रॅम सिलिका चालत असे. १९७४ मध्ये सरकारच्याच संशोधन संस्थेने, नायोशने, सांगितलं की ही मर्यादा ५० वर आणा. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणारी ही धूळ कर्करोगकारक ठरवली. २००३ मध्ये ओशाने छोट्या उद्योजकांशी सल्लामसलत उरकली. मसुदा व्हाइट हाउसच्या छाननी कचेरीत पोचला फेब्रुवारी २०११ मध्ये. तिथे छाननीला ९० दिवसांची मुदत असते. हा मसुदा तिथे अडीच वर्षं पडून राहिला.

२०१३ मध्ये मसुदा एकदाचा जाहीर झाला आणि खरी लढाई पेटली. बांधकाम क्षेत्रातल्या पंचवीस संघटनांनी एकत्र येऊन आघाडी उभारली. तिचं नाव ‘कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री सेफ्टी कोअॅलिशन’. सुरक्षेचं नाव लावलेली ही आघाडी सुरक्षेच्या नियमाला विरोध करायला उभी राहिली होती. ओशाने बांधकाम क्षेत्राचा वार्षिक खर्च सुमारे ५१ कोटी डॉलर धरला होता. आघाडीने तो जवळपास ५०० कोटी असल्याचं सांगितलं. जवळजवळ दहा पट. ओशाचा अंदाज कमी पडला असेल, असं एक वेळ मानू. पण दहा पटीचा आकडा चर्चा सुधारायला मांडत नाहीत, भीती घालायला मांडतात.

मार्च २०१६ मध्ये अंतिम नियम निघाला. मर्यादा किती ठरली? ५० मायक्रोग्रॅम. १९७४ मध्ये सांगितलेला आकडा, तोच. ४२ वर्षांच्या समित्या, सुनावण्या, हरकती आणि फेरविचारांतून विज्ञानाच्या अंगाने काहीही बदललं नाही. बदललं ते एवढंच की मधल्या काळात कामावर लागलेली पोरं म्हातारी झाली, काही म्हातारी व्हायच्या आधीच गेली. या नियमाने वर्षाला ६०० हून अधिक जीव वाचतील, हा ओशाचा स्वतःचा अंदाज होता. नियमाच्या कक्षेत २३ लाख कामगार येणार होते, त्यांतले २० लाख बांधकामावरचे.

त्यानंतर कोर्ट. उद्योगाने नियमाला आव्हान दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने उद्योगाचा एकूण एक आक्षेप फेटाळला. उलट कामगार संघटनांचा एक मुद्दा उचलून धरला. डॉक्टरांनी आजारी कामगाराला धुळीतून बाजूला काढलं, तर त्याच्या नोकरीला आणि पगाराला संरक्षण का दिलं नाही, याचं उत्तर द्या, असं ओशाला बजावलं. धडधडीत हार. पण या हारीपर्यंत पोचायला किती वर्षं गेली ते बघा. तेवढी वर्षं उद्योगाच्या खात्यात जमा झाली.

नियम आल्यावर काय आकाश कोसळलं? पाण्याची नळी बसवलेल्या करवती आणि धूळ ओढून घेणारे ग्राइंडर कामावर दिसू लागले. नियमात एक तक्ता आहे. कोणत्या कामाला कोणतं अवजार आणि धूळ दाबायची कोणती सोय, हे त्यात दिलेलं आहे. तो पाळला तर कंत्राटदाराला हवेचं मोजमाप करत बसावं लागत नाही. पाच माणसांच्या छोट्या कंत्राटदारालाही जमेल असं हे काम आहे. इमारती उभ्या राहणं थांबलं नाही.

छोट्या कंत्राटदाराची बाजू मला कळते. तो प्रामाणिकपणे ओली करवत आणतो, विश्रांती देतो, आणि शेजारचा लबाड कंत्राटदार काहीच न करता कमी बोलीचं टेंडर भरून काम पटकावतो. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे सगळ्यांना सारखा लागू होणारा आणि तपासला जाणारा नियम. मोठ्या संघटना छोट्याचं नाव पुढे करून नेमका तोच उपाय रोखतात. त्यात फायदा लबाडाचा होतो आणि प्रामाणिक माणूस त्यांच्याच सभासद यादीत बसून मार खातो.

आता उन्हाकडे येऊ. नायोशने उष्णतेपासून संरक्षणाच्या नियमाची शिफारस केली १९७२ मध्ये. तीच शिफारस १९८६ मध्ये सुधारून दिली, २०१६ मध्ये पुन्हा दिली. एका अभ्यासानुसार १९९२ ते २०१६ या काळात अमेरिकेतल्या एकूण कामगारांत बांधकाम कामगार सहा टक्के होते आणि कामावर उष्णतेने मेलेल्यांत ३६ टक्के. सहा आणि छत्तीस. यानंतर आणखी कुठला पुरावा हवा?

ओशाने २०२४ मध्ये मसुदा काढला. मागण्या ऐका. उष्णता निर्देशांक ८० अंश फॅरनहाइटला पोचला की गार पाणी आणि सावली. ९० ला पोचला की दर दोन तासांनी पंधरा मिनिटांची पगारी विश्रांती. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ उन्हात राबवायचं नाही, हळूहळू सवय लावायची. ही शेवटची अट फार मोलाची आहे, कारण उष्णतेने दगावणारे बरेच जण नव्यानेच कामावर आलेले असतात. आणि अमेरिकेत बांधकामावरच्या दर चौघांत एक जण परदेशातून आलेला असतो. तो नवा असतो, पैशाच्या गरजेत असतो, आणि अनेकदा त्याला मतदानाचा हक्क नसतो. लॉबीच्या विरुद्ध पारड्यात बसलेला माणूस हा असा आहे.

उद्योगाचा आक्षेप असा की देशभर हवामान वेगळं, ह्यूस्टनचं ऊन निराळं, सिअॅटलचं निराळं, एका मापाचा नियम चालणार नाही, मालकाला मोकळीक हवी. ठीक. मग ऑस्टिन आणि डॅलस या टेक्ससमधल्या शहरांनी आपापल्या उन्हाला साजेसा नियम केला होता, त्याचं काय झालं? बांधकाम कामगारांना दर चार तासांनी दहा मिनिटं विश्रांती, एवढाच तो नियम. २०२३ मध्ये टेक्ससने शहरांचे असे अधिकारच काढून घेणारा कायदा केला, उद्योजकांच्या संघटनांच्या पाठिंब्याने. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने तोच कित्ता गिरवला आणि शहरं-जिल्ह्यांना उष्णतेचे नियम करायला बंदी घातली. वॉशिंग्टनमध्ये स्थानिक परिस्थितीची आठवण काढायची आणि स्थानिक सरकारने काही केलं की ते राज्याच्या राजधानीत मोडायचं. यात तत्त्व एकच उरतं, ते म्हणजे विश्रांती द्यायची नाही.

जुलै २०२५ मध्ये आणखी एक प्रस्ताव आला, तोही ओशाकडूनच. बांधकामाच्या जागी किमान किती उजेड असावा, याचा स्वतंत्र नियम काढून टाकायचा. मालकावर सुरक्षेची सर्वसाधारण जबाबदारी आहेच, ती पुरे, असा युक्तिवाद. ज्या क्षेत्रात २०२३ या एका वर्षात १,०७५ माणसं कामावर मेली आणि पडून मरणं हे तिथल्या मृत्यूंचं सगळ्यांत मोठं कारण आहे, त्या क्षेत्रात दिव्याच्या नियमाला कात्री. सर्वसाधारण जबाबदारीचा अर्थ मी सांगते. माणूस पडल्यावर दिवे होते की नव्हते यावर वकील वाद घालतील. आकडा लिहिलेला असला की तपासनीस मीटर लावून माणूस पडायच्या आधीच विचारू शकतो.

सरकारने मनावर घेतलं तर किती वेगाने काम होतं, तेही अमेरिकेतच दिसलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्झची फरशी आली, तिच्यात सिलिका भरमसाट. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी ती कापणाऱ्या ५२ कामगारांची हकिगत प्रसिद्ध केली. जवळजवळ सगळे लॅटिन अमेरिकेतून आलेले, बरेच जण चाळिशीतले, दहा जण तोपर्यंत मेलेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाने तातडीचा नियम लागू केला. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून या फरशीवर बंदीच घातली. वर्ष-दीड वर्षात होणाऱ्या कामाला केंद्रात चार दशकं लागतात, तेव्हा अडचण विज्ञानाची नसते.

अमेरिकेला क्वार्ट्झ पुरवणाऱ्या प्रमुख देशांत भारत आहे. आणि डॅलसजवळच्या फ्रिस्कोत, न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत पांढरा शुभ्र ओटा हौसेने बसवलेला असतो. तिथे घर बांधून घेणाऱ्या आपल्या माणसांशी मला थोडं बोलायचं आहे. बिल्डरशी करार करताना तुम्ही नळाच्या ब्रँडपासून गालिच्याच्या रंगापर्यंत सगळं विचारता. ओटा कापणाऱ्या दुकानात पाणी वापरतात का, छपरावर चढणाऱ्यांना दुपारी सावली मिळते का, हेही विचारा. पैसे मोजणाऱ्याने विचारलेला प्रश्न कंत्राटदार ऐकतो.

आणि दुसरं. ओशाचा कुठलाही मसुदा निघाला की त्यावर मत पाठवायची खिडकी सगळ्यांना खुली असते. वकील लागत नाही, फी लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही. कायद्याने खात्याला महत्त्वाच्या मुद्द्यांची दखल घ्यावी लागते. बिल्डरांच्या संघटना तिथे शेकडो पानं पाठवतात. उष्णतेच्या मसुद्यावरची जाहीर सुनावणी २ जुलै २०२५ ला संपली, तेव्हा १९७२ ची शिफारस अजून शिफारसच होती. पुढचा मसुदा येईल तेव्हा तुमची चार वाक्यं त्या खिडकीत जाऊ द्या.