गाळणकाका

पावसाचा पहिला थेंब पडला की सोसायटीतली माणसं दोन दिशांना पळतात. निम्मी दोरीवरच्या कपड्यांकडे आणि निम्मी भज्यांच्या पिठाकडे. तिसऱ्या दिशेला, म्हणजे जिन्याने वर गच्चीकडे, एकच माणूस पळतो. अंगात जुना रेनकोट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात काकूंच्या स्वयंपाकघरातून नाहीशी झालेली गव्हाची चाळण. लिफ्ट असताना जिन्याने का, असं विचारलं तर “लिफ्ट मध्येच अडकली तर पहिलं पाणी कोण बघणार?” असा उलट प्रश्न येतो. आता हे पहिलं पाणी म्हणजे काय, असं मात्र चुकूनही विचारू नये. विचारणाऱ्याची भजी गार होतात.

पुण्यात हल्ली दर दोन-तीन सोसायट्यांमागे असा एक गृहस्थ सापडतो. नाव काहीही असो, मुलं त्यांना गाळणकाका म्हणतात. वय पासष्टच्या पुढे, पेन्शन नियमित, गुडघे शाबूत आणि नोकरी बहुधा पाटबंधारे खात्यात झालेली. ही शेवटची अट फार महत्त्वाची. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी; अख्ख्या खडकवासल्यात असे जेमतेम दोन मावतात. हयातभर असल्या आकड्यांवर सह्या केलेल्या माणसाला एक दिवस नारळ देऊन घरी पाठवलं आणि हाती उरली ती सोसायटीची ३०० चौरस मीटर गच्ची. दुसरा कुणी खचला असता. काकांनी गच्चीच पाणलोट क्षेत्र म्हणून जाहीर करून टाकली.

त्यांचं गणित सोपं आहे आणि सोपं असल्यामुळेच ते कुणालाही सांगता येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर धरा, उडून-झिरपून जाणारं वीस टक्के वजा करा, की आमच्या गच्चीवरून १ लाख ६८ हजार लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर जवळजवळ सतरा टँकर. “सतरा टँकर आपण पावसाळ्यात गटारात ओततो आणि मे महिन्यात विकत घेतो,” हे वाक्य काकांनी दूधवाल्याला ऐकवलं आहे, कुरिअरवाल्याला ऐकवलं आहे आणि एकदा पत्ता चुकून आमच्या फाटकात शिरलेल्या वऱ्हाडालाही ऐकवलं आहे. वऱ्हाड मुहूर्ताला पोचलं की नाही, ते कळलं नाही.

तसं पर्जन्यजल संधारण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डरने कोपऱ्यात एक शोषखड्डा खणला होता, खड्ड्याशेजारी फलक लावला होता आणि फलकामागून एक पाइप वर गेला होता. हा पाइप वर कशालाच जोडलेला नाही, हा शोध काकांचा. सेक्रेटरी म्हणाले, “असू दे हो, फलक तर आहे ना! मिळकतकरात पाच टक्के सूट मिळते, ती मिळाली की झालं.” त्या दिवसापासून काकांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं उरली: फलकवाली आणि पाइपवाली.

आता पहिलं पाणी. उन्हाळाभर गच्चीवर काय काय साचतं याची यादी काकांच्या वहीत आहे. धूळ, कबुतरांची विष्ठा, पिंपळाची पानं, पिसं, डांबराच्या खपल्या, कुरडयांचा चुरा. वळवाचा पहिला पाऊस हे सगळं धुऊन पाइपात आणतो. ते टाकीत घ्यायचं नाही. आमच्या गच्चीचं पाणी चार पाइपांनी उतरतं, एकेकाच्या वाट्याला ७५ चौरस मीटर. म्हणजे पहिला एक मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा तर दर पाइपामागे ७५ लिटर पाणी बाजूला काढायला हवं. म्हणून काकांनी प्रत्येक पाइपाला टी जोडला आणि खाली एकेक निळं पिंप बसवलं. घाण पाणी आधी पिंपात उतरतं. पिंप भरत आलं की पाण्यावर तरंगणारा चेंडू वर येऊन पिंपाच्या तोंडात घट्ट बसतो आणि मागून येणारं स्वच्छ पाणी आडव्या पाइपाने पुढे वळतं. पिंपाच्या तळाला सुईएवढं भोक. त्यातून घाण पाणी थेंबाथेंबाने निघून जातं आणि पुढच्या पावसाला पिंप रिकामं मिळतं. वीज लागत नाही, मोटर लागत नाही, माणूससुद्धा लागत नाही, असं काका प्रत्येक पावसात त्या पिंपाशेजारी उभे राहून सांगतात.

चेंडू मात्र लागतात आणि ते चारही सी विंगच्या मुलांचे आहेत. गच्चीवर गेलेले चेंडू परत मागायला मुलं गेली, तेव्हा “ते शासकीय कामावर आहेत” असं उत्तर मिळालं.

पहिलं पाणी सोडल्यावर गाळायचं दुसरं पाणी. दोन पाइपांचं पाणी जमिनीखालच्या टाकीत जातं. त्याच्या वाटेवर काकांनी खाली खडी, वर कोळसा आणि त्यावर वाळू असे थर भरले. कोळसा लोणारी हवा, म्हणून तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणला. त्या आठवड्यात निम्मी सोसायटी चुरगळलेले कपडे घालून कचेरीत गेली. उरलेल्या दोन पाइपांचं पाणी बोअरमध्ये सोडायचं होतं; त्यासाठी देवास फिल्टर. देवास म्हटलं की तुम्हाआम्हाला कुमार गंधर्व आठवतात. १९४८ साली आजारपणात हवापालटासाठी ते तिथे गेले आणि तिथलेच झाले. काकांना देवास म्हटलं की १४० मिलिमीटर व्यासाचा आणि १.२ मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप आठवतो. आत तीन कप्पे. पहिल्यात २ ते ६ मिलिमीटरची खडी, दुसऱ्यात ६ ते १२, तिसऱ्यात १२ ते २० आणि बाहेर पडताना जाळी. तिथल्या जिल्हा प्रशासनाने घरोघरच्या विहिरी आणि बोअर भरण्यासाठी हा प्रकार काढला. त्या गावचे निर्गुणी सूर कितीही थोर असोत, गाळण्याच्या बाबतीत काकांचा देवासवर खरा विश्वास बसला तो या खडीमुळे.

खडी या तीन मापांत बाजारात मिळत नाही. ती चाळावी लागते. काकूंची रव्याची चाळण गेली, गव्हाची गेली, शेवटी पुरणयंत्राची जाळीही गेली. दिवाणखान्यात वर्तमानपत्रं पसरून काका मापानुसार तीन ढीग करत बसले आणि मग बादलीतलं पाणी नितळ दिसेपर्यंत एकेक ढीग धूत राहिले. पावसाचं पाणी वाचवायला नळाचं किती गेलं, हे त्यांनी वहीत लिहिलेलं नाही. काकू दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “पस्तीस वर्षं चहा गाळतेय मी. मला नाही कुणी कधी मार्गदर्शनाला बोलावलं!”

काकांच्या खिशात पेन असतं तिथे टीडीएस मीटर असतो. बोअरचं पाणी ८००, पावसाचं २०, हा फरक ते पाहुण्यांना पोहे यायच्या आत दाखवतात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात मीटर बुडवल्याची वार्ता आहे. काका ती नाकारत नाहीत, फक्त तो आकडा विश्वासार्ह नव्हता म्हणतात. पण माणूस खरा जाणकार. “आकडा कमी आला म्हणून पिऊ नका. यात क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. हे पाणी आंघोळीला, कपड्यांना, फरशीला. प्यायचं असेल तर नीट शुद्ध करून घ्या, निदान उकळा तरी,” हे ते बजावून सांगतात. ऐकणारा मान डोलावतो आणि विचारतो, “म्हणजे पिता येतं ना?”

गच्ची म्हटली की शत्रू आले. मे महिन्यात बायका वाळवणं घालतात. कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चिकवड्या. काकांना चिकवड्या दिसत नाहीत. त्यांना दिसते ती पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसणारी चिकवडी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज कबुतरांना ज्वारी टाकतात. “आजी, तुमचं पुण्य पाइपातून खाली येतं हो,” असं काका हात जोडून म्हणाले. आजी म्हणाल्या, “मग गाळून घ्या की. बाकी सगळं गाळताच.” या विषयावर काका पुन्हा आजींशी बोलले नाहीत.

वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ हे काकांचं राखीव कुरण. तिथे ते कान्हेरीला जातात. ज्या काळी प्लंबर नव्हता त्या काळी भिक्खूंनी डोंगरावर पन्हळी खोदून लेण्यांपाशी टाकी कशी भरली, ते सांगतात. तिथून शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांवर येतात. तमिळनाडूने २००३ साली प्रत्येक इमारतीला पाऊस साठवणं कसं सक्तीचं केलं, ते सांगतात. मग किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, असं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलंय, हे सांगून विचारतात, “आणि आपण काय पाहिलं? पार्किंग!” गेल्या सभेत डुलकीतून जागे झालेल्या खजिनदारांनी विचारलं होतं, “हे अमात्य कुठल्या विंगमध्ये राहतात? त्यांचा मेंटेनन्स आलाय का?”

पावसाचा अंदाज काका वेधशाळेकडून घेतात आणि खातरजमा पंचांगाकडून करतात. मृगाचं वाहन म्हैस निघालं की चेहरा खुलतो, बेडूक किंवा हत्ती असेल तर जास्तीचं पिंप येतं, कोल्हा असेल तर दिवसभर कुणाशी बोलत नाहीत.

काकांनी खातं सोडलं, पण खात्याने काकांना सोडलं नाही. कालव्याचं पाणी हवं असेल तर शेतकऱ्याला नमुना नंबर सातचा अर्ज भरावा लागतो: गट नंबर, पिकाचं नाव, क्षेत्र आणि मागची थकबाकी भरलेली हवी. त्याच धर्तीवर काकांनी सोसायटीसाठी स्वतःचा नमुना सात छापून आणला. गाडी धुवायला पावसाचं पाणी हवंय? अर्ज करा. ‘पिकाचं नाव’ हा रकाना काढायचा राहून गेला होता. पण शंभर प्रती छापून झाल्या होत्या आणि सरकारी कागद वाया घालवणं काकांच्या रक्तात नाही. त्या शंभर प्रतींपैकी एकही कुणी नेली नाही. सेक्रेटरींनी एकीचं विमान करून मुलाला दिलं.

मग एका जुलैत काका-काकू ॲडलेडला गेले. मुलीचं बाळंतपण होतं. तिथे जुलै म्हणजे हिवाळा आणि हिवाळा म्हणजे पाऊस. शिवाय त्या भागात घरामागे पावसाच्या पाण्याची टाकी असणं हा रिवाज. काकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वजातीय भेटले. नातीचा एक फोटो आला आणि त्यापाठोपाठ परक्यांच्या पन्हळींचे, पन्हळींवरच्या जाळ्यांचे, पत्र्याच्या टाक्यांचे फोटो येतच राहिले. “बाबा, लोकांच्या भिंतीला चिकटून उभे राहू नका, पोलीस येतील,” असं मुलगी मागून ओरडत असलेला एक व्हिडिओही आला.

इकडे आमच्याकडे पाऊस जोरात लागला. जाळ्यांवर पानं बसली, पानांवर पिसं बसली, त्यावर कुठून तरी उडून आलेली वेफर्सची पिशवी बसली. पिंपांच्या तळाची भोकं गाळाने बुजली, ती रिकामी होईनात. पाइप तुंबले, गच्चीवर घोटाभर पाणी साचलं आणि ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या छतातून खाली यायला लागलं. सगळ्यात वरच्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात. त्यांनी रात्री अकराला छताचा फोटो ग्रुपवर टाकला. ॲडलेडला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. काकांचं उत्तर लगेच आलं: “जाळी कुणी धुतली होती?” ग्रुपवर शांतता. तेव्हा एकेकाला उलगडा होऊ लागला, की रोज सकाळी सहाला गच्चीवर जो खरडण्याचा आवाज यायचा आणि ज्याच्याविरुद्ध दोन लेखी तक्रारी होत्या, तो आवाज म्हणजेच आपली पर्जन्यजल संधारण योजना होती. बाकी सगळे नुसते पाइप.

ऑगस्टअखेर काका परतले. टॅक्सी फाटकात थांबली तेव्हा सेक्रेटरी छत्री घेऊन हजर होते. बॅग त्यांनीच उचलली. “काका, जरा वर येता? छताची फार वाईट अवस्था आहे.” काकांनी बूट काढले, हातपाय धुतले, चहा घेतला. मग कपाटातून एक कोरा कागद काढून पुढे सरकवला.

“नमुना सात. आधी भरा.”

सेक्रेटरींनी उभ्याउभ्याच भरला. गट नंबरच्या जागी फ्लॅट नंबर घातला. थकबाकीच्या रकान्यापाशी थबकले आणि फिल्टरच्या वर्गणीचे पाचशे रुपये खिशातून काढून टेबलावर ठेवले. मग पिकाचं नाव. बराच वेळ पेन चावून त्यांनी लिहिलं, ‘बुरशी’. क्षेत्र: बेडरूमचं अर्धं छत.

काकांनी चष्मा लावून अर्ज वाचला, वर शेरा मारला, ‘पीक जोमात, पाणी तातडीने बंद करावे’, आणि पाना घेऊन जिन्याकडे निघाले.