श्री. रा. रा. अंडेराव यांस

बेंगळुरूमुक्कामी असलेल्या एका मराठी माणसाचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, इकडे तुमचं उत्तम चाललेलं पाहून जीव सुखावतो आणि थोडा जळतोही. इथं तुम्हाला ‘मोट्टे’ म्हणतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते दहावीच्या पोरांच्या ताटात तुम्ही आठवड्याचे सहा दिवस हजर. दोन दिवसांचा खर्च कर्नाटक सरकारचा, उरलेल्या चार दिवसांचा अझीम प्रेमजी फाउंडेशनचा. २०२४ साली झालेला हा करार तीन वर्षांचा, रक्कम दीड हजार कोटींच्या घरातली. जो तुम्हाला शिवत नाही, त्याला केळं मिळतं. भांडण मिटलं.

म्हणजे आता मिटलं. २०२१ च्या डिसेंबरात कल्याण कर्नाटकातल्या शाळांत तुम्ही पहिलं पाऊल टाकलंत, तेव्हा मठाधिपतींनी केवढा गहजब केला होता! शेवटी एका शाळकरी पोरीनंच त्यांना सुनावलं, की अंडी बंद केलीत तर तुमच्या मठात येऊन खाऊ. आहारशास्त्राचं एवढं नेमकं भाषण मी तरी ऐकलेलं नाही.

सगळं गोडच आहे असंही नाही. तुमच्यामागे सरकार सहा रुपये मोजतं, आणि त्यातच उकडण्याच्या गॅसचे पन्नास पैसे अन् सोलणाऱ्या बाईंचे तीस पैसे. बाजारात तुमचा भाव चढला की वरचे पैसे मुख्याध्यापकांच्या खिशातून. तरी पोरं सोललेलं अंडं हातात घेऊन बसतात, हे खरं.

आता माहेरची हकिकत. महाराष्ट्रानं २०२३ च्या नोव्हेंबरात तुम्हाला आठवड्यातून एकदा पाहुणा म्हणून बोलावलं. २८ जानेवारी २०२५ ला शासन निर्णय निघाला: अंडा पुलाव ऐच्छिक, त्यासाठी वेगळा निधी नाही, हवा असेल तर शाळेनं लोकसहभागातून पैसे उभे करावेत. थोडक्यात, या, बसा, पण डबा घरून आणा. हाकलून दिलं असं कुणी म्हणू नये, एवढी काळजी मात्र शासनानं घेतली.

अंडेराव, मला खरी गंमत वाटते ती पुढं. तुमचा दरबार, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, १९८२ पासून पुण्यात. आणि इथं तुमच्यावर खर्च होणाऱ्या पैशाचं मूळ कुठलं? १९४५ साली जळगाव जिल्ह्यात अमळनेरला निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातलं! त्याच कंपनीची पुढं अझीम प्रेमजींची विप्रो झाली आणि ती बेंगळुरूला आली. दरबार आमचा, तूप आमचं, पंगत मात्र इकडे. यात बेंगळुरूकरांचा दोष नाही. पण एका उद्योगपतीनं उद्या हात आखडला, तर ते चार दिवस कुणाचे, हा प्रश्न इथल्या विधानसौधालाही विचारून ठेवा. शेजाऱ्याचं कौतुक मी डोळे उघडे ठेवूनच करतोय.

माझी भाची तिकडे महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. लोकसहभाग तिला नवा नाही. पंखे, भिंतींचा रंग, गॅदरिंगचा मंडप, सगळं त्यातूनच. आता यादीत तुम्ही. बापडी दोन आठवडे गावात फिरली. शेवटी एका कोंबडीवाल्यानं एक ट्रे पाठवला. ट्रेमध्ये अंडी तीस, पटावर पोरं एकेचाळीस. तिनं सुरी मागवली.

तेव्हा पुढच्या खेपेला तिच्या शाळेत गेलात तर पहिलीच्या रांगेपासून सुरुवात करा. मागच्या वेळी त्यांच्या वाट्याला अर्धंच आलं होतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मल्लेश्वरमचा एक मराठी रहिवासी