व्हिक्टोरिया सरोवर हरित मार्गाने कसे ओलांडावे

पर्यावरणाची चिंता वाहणाऱ्या प्रवाशाने सर्वप्रथम विमानात बसावे. मुंबईहून युगांडातल्या एंटेबेला ऑक्टोबर २०२३ पासून थेट विमान सुरू झाले आहे; अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर. एवढ्या वाटेत जळणाऱ्या इंधनाचा विचार करायचा नसतो, कारण हरित पर्यटन विमानातून उतरल्यावर सुरू होते. वाटेत प्लॅस्टिकचा पेला मात्र ठामपणे नाकारावा आणि आपली स्टीलची बाटली पुढे करावी. शेजारच्याने पाहिले याची खात्री करून मगच पाणी प्यावे.

एंटेबेचा विमानतळ सरोवराला खेटून आहे. खिडकीतून दिसतो तो समुद्र नव्हे. ६८,८०० चौरस किलोमीटरचे हे पाणी महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठे, आणि युगांडा, केनिया, टांझानिया या तिघांत वाटलेले. खोली मात्र सर्वांत जास्त असेल तिथेही ऐंशी मीटरच्या आसपास. हे आकडे सोबत्यांना लगेच ऐकवावेत. एकदा बाहेर पडलो की वाहनांच्या गडबडीत कोणी कोणाचे ऐकत नाही.

बाहेर पडण्याआधी पैसे बदलावेत. जुन्या सालाची, दुमडलेली किंवा कोपरा फाटलेली डॉलरची नोट इथे कोणी हातात धरत नाही, तेव्हा नोटा इस्त्री केल्यासारख्या आणाव्यात. शंभर डॉलर मोडले की साडेतीन लाखांच्या आसपास शिलिंग मिळतात. लक्षाधीश झाल्याचा आनंद पहिल्या जेवणाच्या बिलापर्यंत टिकतो.

आता मुख्य प्रश्न वाहनाचा. युगांडात ‘टॅक्सी’ मागितली तर टॅक्सीच मिळते, म्हणजे निळ्या चौकड्यांचा पट्टा असलेली पांढरी टोयोटा व्हॅन. तिच्यावर चौदा प्रवाशांचा परवाना असतो. एकट्याने बसायची गाडी हवी असेल तर ‘स्पेशल हायर’ म्हणावे. टॅक्सीला वेळापत्रक नाही. ती भरली की निघते. साताऱ्याकडच्या वडापने प्रवास केलेल्याला यापुढचे सगळे ठाऊक आहे, त्याने हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. इतरांनी ध्यानात ठेवावे की पुढच्या सीटवर तरुण मंडळी बसली म्हणून गाडी भरत आली असे समजू नये. त्यांतले निम्मे गाडी भरल्याचा देखावा करण्यासाठी बसवलेले असतात आणि खरे गिऱ्हाईक आले की उतरून मागच्या गाडीत जाऊन बसतात. उतरायचे असेल तेव्हा कंडक्टरला ‘मु मासो आवो’ म्हणावे. पुढे तिथे थांबवा, असा त्याचा भाव. हे अर्धा किलोमीटर आधी आणि मोठ्याने म्हणावे. मनातल्या मनात म्हणणारे पर्यटक थेट कंपालाच्या जुन्या टॅक्सी-तळावर पोहोचतात. तिथे शेकडो पांढऱ्या व्हॅन एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि पाय ठेवायला जी जागा उरते तिच्यात मोजे विकणारे उभे असतात.

शास्त्रशुद्ध हिशेब केला तर माणशी सर्वांत कमी धूर या खचाखच भरलेल्या व्हॅनचाच. म्हणूनच हरित पर्यटक तिच्यात सहसा बसत नाही. तो दोन माणसांसाठी सात जणांची चारचाकी-चालित जीप घेतो, तिच्या छतावर उघडणारे झाकण असते आणि दारावर झाडाचे चित्र. चित्रामुळे फरक पडतो, असे जाणकार सांगतात.

जिथे व्हॅन जात नाही तिथे बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. बसण्याआधी भाडे ठरवावे. बसल्यावर ठरवलेले भाडे ही केवळ चर्चा असते. हेल्मेट मागावे. अंधार पडल्यावर बोडा टाळावी. या दोन ओळींत विडंबन काहीही नाही. बोडावर गादी, पत्रे, दरवाजाची चौकट, बकरी आणि तीन पिढ्यांचे कुटुंब नेता येते, त्यामुळे आपली चाकांची बॅग पाहून चालकाच्या चेहऱ्यावर कसलाच भाव उमटला नाही तर वाईट वाटून घेऊ नये. चेहरेपट्टीवरून तुम्हाला ‘मुयिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणून ओळखले जाईल आणि तुमचे दुकान कोणत्या रस्त्यावर असेही विचारले जाईल. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढले. पुढे त्यांतले काही परतले, नवेही आले, आणि दुकाने पुन्हा उघडली. दुकान नाही असे सांगितल्यास चालक सहानुभूतीने पाहील, पण भाडे कमी करणार नाही.

मध्येच भूक लागली आणि रस्त्याकडेला कोणी रोलेक्स देऊ केले तर मनगट पुढे करू नये. ते चपातीत गुंडाळलेले आम्लेट असते, आणि उत्तम असते. शाकाहाऱ्यांनी ‘किकोमांडो’ मागावे: चपातीचे तुकडे, वर शिजवलेला घेवडा. चपाती इथे भारतातून आलेल्या लोकांबरोबर आली आणि शंभर वर्षांत इतकी इथली झाली की ती तुमची आहे हे सांगायला गेलात तर विक्रेता तुम्हाला लाटण्याचे तंत्र समजावून सांगेल. ऐकून घ्यावे. त्याची गोल असते.

वेळेचे प्रकरण मात्र सावकाश समजून घ्यायला हवे, कारण सरोवरावरची सगळी वाहतूक त्यावर चालते. लुगांडा भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या घड्याळात सकाळचे सात वाजले की तिथे एक वाजला, आठ म्हणजे दोन. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवत असल्याने ही पद्धत तिथे अत्यंत सोयीची आहे. गैरसोय फक्त पाहुण्याची. एंटेबेजवळच्या नाकिवोगो धक्क्यावरून सेसे बेटांकडे जाणारी ‘एमव्ही कलंगाला’ दुपारी दोनला निघते. धक्क्यावर एखाद्या आजीला विचाराल तर ती ‘सावा मुनाना’ म्हणेल, म्हणजे आठ. हे ऐकून आठ वाजता येणारे पर्यटक दोन प्रकारचे असतात. सकाळी आठला येणाऱ्याला सहा तास पक्षीनिरीक्षण घडते. रात्री आठला येणाऱ्याला धक्का दिसतो. बोट साडेतीन तासांत पोहोचते असे धरावे. मात्र बोटही दुरुस्तीला जाते, तेव्हा परतीचे विमान दुसऱ्याच दिवशी ठेवू नये.

सेसेकडे जायचा दुसरा मार्ग मसाका शहराकडून. बुकाकाटाहून बेटावरच्या लुकूला सरकारी फेरी फुकट नेते. फुकट असल्यामुळे मार्गदर्शक हिचा उल्लेख करायला विसरतात. कंपालाहून मसाकाला जाताना कायाब्वे येथे विषुववृत्त लागते आणि तिथे रस्त्यालगत तीन भांडी मांडलेली असतात. उत्तरेच्या भांड्यात पाणी एका दिशेने फिरत खाली जाते, काही पावले दक्षिणेला उलट दिशेने, आणि रेषेवरच्या भांड्यात सरळ. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्याशा भांड्यात, एवढ्याशा अंतरावर दिसणे शक्य नाही. पाणी ओतणाऱ्याच्या मनगटाचा परिणाम मात्र स्पष्ट दिसतो. पैसे द्यावेत. इतका सफाईदार हात एरवी पाहायला मिळत नाही.

लाकडी होड्या कुठूनही कुठेही जातात आणि टॅक्सीप्रमाणेच भरल्यावर निघतात. इथे थांबून गंभीर व्हावे लागते. १९९६ साली ‘एमव्ही बुकोबा’ आणि २०१८ साली ‘एमव्ही न्येरेरे’ ही जहाजे या सरोवराच्या टांझानियाच्या भागात बुडाली आणि शेकडो माणसे गेली. दोन्हींवर क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी होते. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नये, असेल तर ते घालावे, बाकावर पसरून त्यावर बसू नये.

होडीत तोंड मिटून बसावे. सरोवरमाश्यांचे थवे पाण्यावरून धुराच्या खांबांसारखे उठतात आणि बोलणाऱ्याच्या घशात जातात. शिवाय ही सवय माबांबाच्या दलदलीत उपयोगी पडते. नाकिवोगोहून छोट्या फेरीने पलीकडे आणि पुढे बोडाने तिथे जाता येते. पपायरसच्या गवतातून वल्ह्याची होडी नेतात ती शूबिल दाखवायला. बुटासारख्या चोचीचा हा राखाडी पक्षी लंगफिश धरण्यासाठी तासन्‌तास निश्चल उभा असतो. पूर्वी कोळी याला अपशकुनी मानत. तो दिसला की जाळे रिकामे येते असा समज होता, आणि त्यापायी पक्षी मारलेही जात. आता त्याच कोळ्यांपैकी काही जण तो दाखवण्याचे पैसे घेतात, म्हणजे शकुन पुरता पालटला. पक्षी हलत नाही म्हणून कॅमेरा बिघडला असे समजू नये. वाटेत दिसणारी जांभळी फुले पाहून हळवे होऊ नये, ती जलपर्णी आहे. दक्षिण अमेरिकेहून निघून ती इथेही पोहोचली आणि पुण्याच्या पवनेतही.

सेसे हा ८४ बेटांचा समूह. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बुग्गाला बेटावर उतरताच रस्त्याच्या दोन्ही अंगांना घनदाट हिरव्या रांगा दिसतात. फोटो काढण्याआधी नीट पाहावे: ते तेलताड आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात इथे पामतेलासाठी लागवड सुरू झाली आणि बरेच मूळचे जंगल गेले. हरित पर्यटकाने इथे किमान पाच मिनिटे हळहळावे. मग दमल्यामुळे पिशवीतला चिवडा काढावा, आणि पाकिटामागची घटकांची बारीक अक्षरे चष्मा न लावता चिवडा संपवावा.

मुक्कामाला इको-लॉजच निवडावा. इथे दिवा सौर, आंघोळ बादलीने, शौचालय राखेचे आणि भाजी परसातली असते. कुंपणापलीकडच्या गावातही बहुतेक ठिकाणी अशीच सोय आहे, पण तिचे कोणी डॉलर घेत नाही, त्यामुळे तिचा पर्यावरणावर काय परिणाम होतो हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते. किनाऱ्यावर पोहावे का, असे विचारल्यास लॉजमालक सांगतो की बिल्हार्झिया हा पाण्यातून होणारा रोग पलीकडच्या किनाऱ्यावर आहे. पलीकडचा मालक इकडे बोट दाखवतो. रोगाचे जंतू वाहणाऱ्या गोगलगायींना मालकी हक्काच्या सीमा कळत नाहीत. पोहलात तर परतल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टरांना तसे सांगून तपासणी करून घ्यावी. औषध स्वस्त आहे.

शेवटी कागद. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे पिवळे कार्ड पासपोर्टमध्ये ठेवावे. ते युगांडात शिरताना लागते, आणि भारतात परतताना त्याहून काटेकोरपणे पाहिले जाते. कार्ड नसल्यास मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तिथे ना टॅक्सी, ना बोडा, ना जीप. साऱ्या सहलीतला सर्वांत कमी धुराचा टप्पा तोच ठरतो.