काटकसरीचा गौरव

शहरातल्या बाईला पुरुषापेक्षा कमी पैसे देणाऱ्यांना लोक उगाच नावे ठेवतात. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. तेव्हापासून त्याला वळसा घालण्यात किती बुद्धी खर्ची पडली, याची कदर कुणी केली नाही.

मजूर नाक्यावर बघा. नवराबायको एकाच टेम्पोतून साइटवर उतरतात. तो आज बिगारी असला तरी काही वर्षांत मिस्त्री होतो. ती पहिल्या दिवशी घमेले उचलते आणि केस पिकेपर्यंत घमेलेच उचलते. तिच्या हाती थापी कुणी देत नाही, यात केवढी दूरदृष्टी! थापी मिळाली तर ती भिंत रचेल, आणि भिंत ओळंब्यात आली तर मिस्त्रीची हजेरी मागेल. म्हणून घमेले उचलायला कौशल्य लागत नाही, असे आधीच ठरवून टाकलेले बरे. मग पोराला वाळूच्या ढिगावर बसवून, डोक्यावर विटा घेऊन फळीवरून तिसरा मजला चढणारी बाई अकुशल ठरते आणि कायदा मोडल्याचे पाप कुणालाच लागत नाही.

ऑफिसात न्याय टक्क्यांनी होतो. आधीचा पगार किती, ते विचारायचे आणि सगळ्यांना त्यावर सारखीच वाढ द्यायची. पहिल्याच नोकरीत जी कमी पगारावर लागली, तिची तूट पुढच्या प्रत्येक नोकरीत तिच्यामागे इमानाने येते, वाढतही जाते. भेदभाव मात्र कुणीच केलेला नसतो. ‘लग्नाचा काय विचार?’ हेही फक्त मुलींनाच विचारतात, तेही आपुलकीने.

क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर 2022 मध्ये बायकांना पुरुषांइतकीच मॅच फी जाहीर केली, कसोटीला 15 लाख. टाळ्या पडल्या, पडायलाच हव्या होत्या. त्या वेळी सर्वांत वरच्या श्रेणीचा वार्षिक करार पुरुषाला 7 कोटींचा आणि बाईला 50 लाखांचा होता. शिवाय बायकांच्या वाट्याला कसोटी येते तीच क्वचित.

या विद्येतले जुने उस्ताद म्हणजे मुंबईची मॅकिनन मॅकेन्झी कंपनी. ऑड्री डिकॉस्टा या तिथल्या स्टेनो. पुरुष स्टेनोंइतका पगार मिळावा म्हणून त्यांनी दाद मागितली. कंपनी म्हणाली, या साहेबांच्या खास स्टेनो, यांचा वर्गच निराळा. आणि सारखे द्यायला आम्हाला परवडतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये दोन्ही मुद्दे फेटाळले आणि परवडत नाही ही सबब कायद्याला चालत नाही, असे स्पष्ट बजावले. तरीही मालकांचे धैर्य खचले नाही. निकाल पाठ असलेले वकील शेजारी बसवून ते आजही तेच म्हणतात.