चौथा सेट का हरलास?

1992 साली आंद्रे अगासीने पाच सेट झुंजून विम्बल्डन जिंकलं. वय 22. लगेच लास वेगासला वडिलांना फोन लावला. बापाने पहिलं काय सुनावलं? चौथा सेट हातचा घालवायचं काही कारणच नव्हतं! बाप तिकडे रडतही होता, पण आधी कानउघाडणी.

याच बापाने घरामागे कोर्ट बांधलं होतं, बॉल फेकणारं यंत्र बसवलं होतं. सात वर्षांच्या पोराने त्यापुढे रोज अडीच हजार बॉल मारायचे. वर्षाला जवळपास दहा लाख बॉल मारणाऱ्या पोराला जगात कोण हरवणार, हा हिशेब. हिशेब चोख निघाला. एप्रिल 1995 मध्ये पोरगा जगात पहिला आला आणि आतून कोराच राहिला. टेनिसचा आपल्याला तिटकारा होता, हे त्याने 2009 साली आत्मचरित्रात उघड लिहिलं. मधल्या काळात अमली पदार्थही घेऊन झाले होते. 1997 मध्ये तो घसरला थेट 141व्या क्रमांकावर.

अशा माणसाला आपल्याकडे लगेच सल्ला मिळतो: सोड सगळं, आश्रमात जा. मला हा सल्ला कधीच पटलेला नाही. अगासीने रॅकेट खाली ठेवली नाही. बड्या खेळाडूंनी ढुंकूनही न पाहिलेल्या छोट्या स्पर्धांपासून पुन्हा सुरुवात केली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या या माणसाला लास वेगासच्या गरीब वस्तीत शाळा काढायची होती. त्यासाठी पैसा हवा, नाव हवं. ज्या नावाचं ओझं झालं होतं, तेच आता कामाला आलं. 2001 साली शाळा सुरू झाली.

आपल्या क्रिकेट अकादम्यांबाहेर, गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोच्या रांगेत मला असे बाप दिसतात, आयाही दिसतात. हरलेल्या पोराला गाडीत बसण्याआधीच ऐकवणारे. त्यांचं प्रेम खोटं नाही. पण पोरगं कुणासाठी खेळतंय, हे त्याला एकदाही विचारलेलं नसतं. नाव झालं की सुखी होईल, असं धरून चालतात. अगासीच्या बापानेही तेच धरलं होतं.

2003 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, अगासी पुन्हा जगात पहिला आला. या वेळी कोर्टवर उतरताना त्याला ठाऊक होतं, पैसे कुठे जाणार आहेत.